तिघांचं एकच चुकीचं उत्तर

मुलगी : …आणि कट सिद्ध झाला नाही तर मालक सुटतो, आई! आग लागली तेव्हा तो गोदामाकडे फिरकलाच नव्हता. वायरमन एकटा तुरुंगात जाणार, कारण त्याची पकड तिथे सापडली. आणि पहारेकऱ्याचे दोन्ही हात भाजले, त्याचं काय?

आई : ओरडू नकोस, दूध उतू जातं.

मुलगी : ओरडण्यानं दूध उतू जात नाही.

आई : तुझ्या लहानपणापासून जातंय. बरं, तिघांनी मिळून विम्याच्या पैशांसाठी आग लावायचं ठरवलं, हे ऐकलं कुणी?

मुलगी : कुणीच नाही. कट काय पाहुणे बोलावून करतात? फोन नाहीत, चिठ्ठ्या नाहीत. मालक, वायरमन आणि गोदामाचा कारकून म्हणतात, आमची कामापुरती ओळख. म्हणजे परिस्थितीजन्य पुरावाच हवा, कडीला कडी जोडून. अकरा वाजता कोर्टात सरकारतर्फे उभं राहायचंय आणि तिघांना जोडणारी कडीच नाहीये माझ्याकडे!

आई : त्यांचे जबाब दे इकडे.

मुलगी : आगीनंतर विम्याच्या माणसानं घेतलेत. पन्नासदा वाचलेत मी.

आई : तू वाचलेस. मी तपासते. लाल पेन कुठंय?

मुलगी : आई, कोर्टाचे कागद आहेत ते!

आई : बरं बाई, नुसती बघते. मालक म्हणतो, घरी होतो, साडेसातला वीज गेली, आठला आली, तेव्हाच गोदामात ठिणगी उडाली असणार. वायरमन म्हणतो, घरी होतो, साडेसातला वीज गेली. कारकून सासुरवाडीला. तिथंही साडेसातलाच गेली. राहतात कुठं हे?

मुलगी : शहराच्या तीन टोकांना.

आई : आणि हे वीज कंपनीचं पत्र?

मुलगी : त्या संध्याकाळी साडेसात ते आठ दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवणार होते. पेपरात सूचनाही आली होती. पण ऐनवेळी रद्द केलं. वीज कुठेच गेली नाही, म्हणून ठिणगीची गोष्ट खोटी. एवढं मी मांडलंय.

आई : अगं, एकतीस वर्षं गणिताचे पेपर तपासले मी. तीन पोरांचं उत्तर बरोबर आलं तर गप्प बसायचे. केला असेल अभ्यास, बिचाऱ्यांनी. पण तिघांचं एकच चुकीचं उत्तर आलं, की उठून मुख्याध्यापकांकडे जायचे.

मुलगी : न गेलेली वीज तिघांच्या घरातून एकाच वेळी गेली!

आई : साडेसातला. एकाच्याही घड्याळात पावणेआठ नाहीत.

मुलगी : आई! थांब, थांब. त्यांचा वकील उठेल. म्हणेल, तिघांनी पेपरातली सूचना वाचली आणि आपापलं खोटं बोलले.

आई : हुशार दिसतो. माझा विद्यार्थी?

मुलगी : नाही.

आई : मग जमेल. सूचना कुठल्या भागासाठी होती?

मुलगी : पत्राला जोडलीय बघ… टेकडीवरची वसाहत आणि गोदामाची गल्ली. बस, एवढंच! टेकडीवर मालक राहतो. वायरमन नदीपलीकडे, कारकुनाची सासुरवाडी स्टेशनामागे. त्यांची वीज जाणार असं कुठंच छापलं नव्हतं!

आई : म्हणजे मालकानं आपल्या घरी बसून उत्तर लिहिलं आणि या दोघांनी उतरवलं. कॉपी करणारा विचार करत नाही गं. माझ्या वर्गात एकानं शेजाऱ्याचा हजेरी क्रमांकसुद्धा उतरवला होता.

मुलगी : पण वायरमनला तरी कळायला हवं होतं!

आई : त्याला विजेचं कळतं. भूगोलाचं कुठं विचारलंय त्याला? जा आता, दहा वाजले. आणि चपला घालून जा.

(आठ दिवसांनी, निकालाच्या दुपारी. मुलगी जिन्यातूनच बोलत येते.)

मुलगी : तिघंही दोषी! मालकसुद्धा! न्यायाधीशांनी निकालात तिन्ही जबाब एकाखाली एक लिहिलेत!

आई : शिक्षा?

मुलगी : तिघांना सारखीच.

आई : बरोबर. मीही शून्य वाटून देत नसे. अख्खं द्यायचे प्रत्येकाला. आणि पहारेकरी? आला होता?

मुलगी : आला होता. निकाल त्याला समजला की नाही, कोण जाणे. बाहेर व्हरांड्यात मला गाठलं आणि म्हणाला, “म्हणजे बाई, माझी चहाची शेगडी विझलेली होती ना?”

आई : अगं बाई… म्हणजे इतके महिने तो—

मुलगी : हो.

आई : मग तू काय म्हणालीस?

मुलगी : विझलेली होती, म्हटलं. त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं.