धानावरचा सिनेमा

मूलहून निघालेल्या बसमध्ये बाळ माझ्या मांडीवर झोपलं होतं. मागच्या सीटवर एक सासरे आणि त्यांची सून बसले होते. सासऱ्यांच्या मांडीवर सिनेमाच्या रिळाचा गंजका डबा.

"रीता, डब्बा रिकामा हाय."

"काऊन असं बोलता, बाबा? चंद्रपूरले पुण्याच्या सिनेमा संग्रहालयाची बाई वाट पाहून राह्यली. अमेरिकेचा मुका सिनेमा, जगात दुसरं रीळ नाई म्हणते."

"मुका होता, हे मले आता समजलं. आपल्या तंबूतल्या टुरिंग टाकीजमंदी लावला, तं आवाजच नाई आला. बिघडला समजलो."

"मंग?"

"धानावर पोपट येत होते. रिळाच्या पट्ट्या कापून शेतात टांगल्या. मस्त चमकत होत्या."

"साऱ्या?"

"साऱ्या."

"मी सांगू बाईले?"

"नको. फोन लावून दे, मीच सांगतो."

फोन लागला. बाईंचं "हॅलो, हॅलो" माझ्या सीटपर्यंत ऐकू येत राहिलं.

"बोला ना, बाबा."