तेलुगू अक्षरांतली ओवी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय लक्ष्मणराव, प्रमुख पाहुण्या सुशीलाबाई, वाहिनीच्या नोकरीतून निवृत्त होणाऱ्या आपल्या माधवीताई उदगीरकर, आणि आबिड्सच्या ट्रॅफिकमधूनही वेळेवर पोचलेल्या रसिकहो,

मी रंजना. जामबागच्या एका शाळेत गणित शिकवते. साहित्यातलं मला फारसं कळत नाही. मी उभी आहे ती एक प्रेक्षक म्हणून.

सहा वर्षांपूर्वी ताईंनी आपल्या शहरातल्या वाहिनीवर दर रविवारी सकाळी स्वतः लिहिलेलं एक मराठी नाटक भागाभागानं दाखवायला सुरुवात केली. यादवांच्या काळातलं, आणि सगळे संवाद ओवीत! हैदराबादेत ओवी कोण ऐकणार, असं मीही म्हटलं होतं. गोष्ट एका पाथरवटाच्या मुलीची. लढाई हरलेला सरदार तिला विजयाचा शिलालेख कोरायला सांगतो. ती म्हणते,

हात तोडा माझा तरी
खोटे न कोरीन शिळेवरी
हरलो ते हरलोच, परी
लपवू नका

माझी नेहा तेव्हा आठवीत होती. देवनागरी हिंदीच्या पेपरपुरती. हाताला वळण तेलुगूचं. रविवारी टीव्हीसमोर वही घेऊन बसायची. मी काही विचारलं की, "आई, नक्को ना! तिचा डायलॉग येतोय."

"डायलॉग नाही गं, ओवी."

"तेच ते. चुप बैठो जरा."

ऐकेल तशी ओवी ती तेलुगू अक्षरांत उतरवून घ्यायची.

पाच भाग झाले आणि वरून निरोप आला: पुढचे आठ भाग साध्या गद्यात करा, नाहीतर बंद करा. ताई नारायणगुड्याला आपल्या मराठी मंडळाच्या बैठकीत आल्या. म्हणाल्या, "कविता कुणाला कळत नाही म्हणतात. कळते, असं कुणी लिहून देईल का?"

साठेक पत्रं जमली. नेहानं पत्राऐवजी वहीच दिली.

निर्णय होता वेंकटरमणय्या नावाच्या अधिकाऱ्यांचा. त्यांना मराठी येत नव्हतं. ताईंनी त्यांना आधीच सांगून टाकलं होतं, "गद्य केलंत तर माझं नाव काढा." साहेबांनी पत्रांचा गठ्ठा बाजूला सारला आणि ओळखीची अक्षरं दिसली म्हणून वही उघडली. आधी मनात वाचलं, मग मोठ्यानं. तिसऱ्या ओवीला त्यांची बोटं टेबलावर ठेका धरू लागली. थांबून त्यांनी अर्थ विचारला, ताईंनी सांगितला.

ते म्हणाले, "अर्थ आत्ता कळला. पण चाल आधीच कळली होती. आहे तसंच चालू द्या."

आठही भाग ओवीतच झाले. पण ताईंना पुन्हा नाटक मिळालं नाही. "माझं नाव काढा" हे त्यांचं बोलणं वाहिनीतल्या काहींना आवडलं नव्हतं. पाच वर्षं त्यांनी पीकपाण्याचे कार्यक्रम केले, तेही नीट केले. मी एकदा विचारलं, "ताई, वाईट वाटतं का?"

"वाटतं ना," त्या म्हणाल्या. "नाटक करायला आवडलं असतं मला."

एवढंच. मोठेपणाचा आव नाही.

परवा त्यांचा फोन आला. मला वाटलं, आजच्या कार्यक्रमाबद्दल असेल. तर त्या म्हणाल्या, "रंजना, मंडळाचा हॉल मंगळवारी रिकामा असतो का? नव्या नाटकाचे दोन प्रवेश लिहून झालेत. वाचायला माणसं हवीत."

ताई, हॉल रिकामा आहे. मी कालच तुमचं नाव घालून आले.

बोलताना काही कमीजास्त झालं असेल, कुणाचा उल्लेख राहिला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. शांतपणे ऐकलंत, मनापासून आभार. मंगळवारी सहा वाजता या.