गुरुजींची तब्येत
हसू नका, पण आम्हा शिक्षकांना लावलेल्या आरोग्य सर्वेक्षणाच्या ड्युटीत पकडला गेलो तो मीच. गंजाड गावाच्या एका पाड्यावर रूपजीकाका भेटले. सत्तरी उलटली, तरी चिकूच्या वाडीत तोडणीला जातात. मी फॉर्म काढला. "काका, तब्येत कशी आहे? उत्तम, बरी की वाईट?"

"कागद कशाचा हाय, गुरुजी? वाडीवाल्या शेठचा असंल तर उत्तम लिवा. सरकारी मदतीचा असंल तर वाईट."

"कशाचाच नाही हो. नुसती माहिती."

काका गोंधळलेच. मग म्हणाले, "तुमची कशी हाय?"

हीच ड्युटी टाळायला मी कंबरदुखीचा अर्ज दिला होता, आणि त्याच आठवड्यात विम्याच्या फॉर्मवर 'उत्तम' लिहिलं होतं.

मी विचारलं, "कागद कशाचा धरू, काका?"