शिडीचा सपोर्ट

“कुणाला पटायचं नाही, सिस्टर, पण तिसऱ्या मजल्यावरून मी रंगाच्या डब्यासकट पडलो, तर हिनं मला वरच्यावर झेललं. एक थेंब सांडला नाही.” दवाखान्याच्या रांगेतल्या सगळ्यांनी कान टवकारले.

“आजोबा, मी विचारलं काय? गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आजींना घरी सपोर्ट कुणाचा? कुणी नसेल तर ऑपरेशन पुढे ढकलू.”

“तेच सांगतोय. जन्मभर मी भिंती रंगवल्या, शिडी हिनं धरली. वरून मी खेकसायचो, तरी हिनं हात सोडला नाही. माझ्या लेखी सपोर्ट म्हणजे हा. आता मी धरीन.”

“तुमचेच हात थरथरतायत.”

रंगाऱ्यानं हात खिशात घातले. शेजारी बसलेली बायको म्हणाली, “धरतील हे, सिस्टर. पण थेंबाचं खोटं आहे. महिनाभर माझे केस हिरवे होते.”