तिसऱ्या हेराचा ॲडव्हान्स

…आणि वर मलाच म्हणतात, 'सरळ विचारायचं होतंस ना!' अहो, विचारायचं म्हणजे कुणाला? बापाला? माझ्या बापाला पाहिलंय का तुम्ही? नाही ना, मग ऐका. तुम्हाला सांगते, आमचे अप्पा म्हणजे वजनमापांचे इन्स्पेक्टर. चौतीस वर्षं लोकांचे तराजू तपासले. बाजारात शिरले की दुकानदार आपोआप खरं बोलायला लागायचे. लहानपणी मी पैजेत एक गोटी जिंकून आणली, एकच, हिरवी, तर मला हाताला धरून हरलेल्या मुलीच्या दारात नेलं, गोटी परत करायला लावली आणि येताना रस्ताभर भाषण, की पैज म्हणजे सभ्य माणसाची चोरी. त्या माणसाला मी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, तोंड वर करून विचारू, 'अप्पा, तुम्ही जुगार खेळता का?' जीभ झडेल माझी.

पण संशय यायला लागला, त्याला काय करू? रोज दुपारी तीनला अप्पा बाहेर. 'पाय मोकळे करून येतो.' चार तास! एवढे मोकळे झालेले पाय कुणाचे पाहिलेत का हो तुम्ही? आधी मनगटावरचं घड्याळ गेलं. 'हरवलं.' मग छत्री. 'विसरलो कुठंतरी.' मग एक दिवस मी दुकानातून घरी येते, माझं चष्म्यांचं दुकान आहे, दिवसभर लोकांना 'खालची ओळ वाचा' म्हणत असते, तर कोपऱ्यात आईचं शिलाई मशीन नाही. फरशीवर नुसते चार पायांचे चार डाग. आईला जाऊन सहा वर्षं झाली, त्या मशीनवरची धूळसुद्धा मी दुसऱ्या कुणाला पुसू देत नाही. अप्पा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, 'दुरुस्तीला दिलंय.' अहो, ते बिघडलंच नव्हतं. आणि मी काय म्हणाले? 'बरं' म्हणाले. 'सावकाश होऊ दे' म्हणाले. आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

आमचे हे म्हणाले, 'विचार की सरळ.' यांना काय जातंय बोलायला. म्हटलं, 'तुम्ही विचारा.' तर लगेच स्टूल घेऊन पंखा पुसायला चढले. त्या महिन्यात आमचा पंखा इतका स्वच्छ होता की विचारू नका.

अशात एक गिऱ्हाईक आलं. टोपीवाला. तिसऱ्या ओळीतलं एक अक्षर वाचता येईना, जाड काचांचा चष्मा लागला. म्हटलं, 'काम काय करता?' इकडेतिकडे बघून म्हणतो, 'प्रायव्हेट डिटेक्टिव्ह.' आता ज्याला समोरचा फळा दिसत नाही, त्याला मी बापाच्या मागावर का लावलं, असं तुम्ही विचाराल. चष्मा माझा होता ना! माझ्या चष्म्यावर माझा विश्वास होता. ॲडव्हान्स दिला. म्हटलं, एवढं शेवटचं, मग बंद.

पहिला रिपोर्ट आला. काय भाषा हो! 'सदर इसम तीन वाजून चार मिनिटांनी इस्त्रीच्या दुकानात शिरले. सोबत कपडे नव्हते. सात वाजता बाहेर पडले. तेव्हाही सोबत कपडे नव्हते.' माझा जीव अर्धा झाला. आत काय चालतं? तर टोपीवाला म्हणतो, 'मॅडम, आत बसल्याशिवाय कळायचं नाही, आणि खेळल्याशिवाय आत बसू देत नाहीत.' म्हटलं बसा. परत पैसे. एवढं शेवटचं, मग बंद.

तर मागच्या खोलीत इस्त्रीच्या टेबलाभोवती चार-पाच रिटायर झालेली माणसं, आणि पत्ते नाहीत, फासे नाहीत, काही नाही. पैजा! पुढच्या शर्टाचं कितवं बटण तुटलेलं असेल? आता दारात येणारं गिऱ्हाईक टकलू असेल का? ओल्या चादरीच्या कुठल्या टोकाचा थेंब आधी पडेल? 'सदर इसम टक्कल या विषयातले विशेष जाणकार आहेत.' मी डोक्याला हात लावला. मग रिपोर्ट आखूड होत गेले. 'आज विशेष काही नाही.' 'आज वेळ मिळाला नाही.' 'आज माझे दोन थेंब बरोबर आले.' आणि मग रिपोर्टच बंद. आठव्या दिवशी टोपीवाला दुकानात आला, भिंत चाचपडत. म्हटलं, 'चष्मा कुठाय?' खाली मान घालून म्हणतो, 'मॅडम, उद्या नक्की परत जिंकतो.'

आता तुम्ही काय केलं असतं? बापाला विचारलं असतं. मी दुसरा डिटेक्टिव्ह लावला. पहिल्यावर नजर ठेवायला. या वेळी बाई लावली, पूर्वीची हेडमास्तरीण, आवाज असा की पुढच्या गल्लीतली पोरं शर्ट खोचतील. म्हणाल्या, 'जुगार? माझ्यासमोर? एकेकाला कोपऱ्यात उभं करीन.' मला इतकं बरं वाटलं. चौथ्या दिवशी बाईंचा रिपोर्ट, सुवाच्य अक्षरात, 'पहिला डिटेक्टिव्ह फारच बेशिस्त खेळतो. मी त्याला सुधारले.' सहाव्या दिवशी, 'निकाल कोण देणार यावरून इथे फार भांडणे होत. आता निकाल मी देते.'

मग तिसरा. सफारीवाला. 'पंचवीस वर्षांचा अनुभव, सुपारीचंही व्यसन नाही.' सोमवारपासून येतो म्हणाला. ॲडव्हान्स दिला, पावती पर्समध्ये टाकली, म्हटलं, एवढं शेवटचं, मग बंद. आणि स्टुलावरून आवाज आला. आमचे हे. फडकं झटकत म्हणतात, 'एक सांगू? अप्पांना जे झालंय ना, तेच तुला झालंय.'

असा राग आला मला! त्या रागातच चपला घातल्या आणि तडक इस्त्रीच्या दुकानात. पुढच्या खोलीत कपड्यांचे ढीग. मागच्या खोलीत सगळी वाफ. टेबलाभोवती मंडळी, टोपीवाला आहे, बाई आहेत, मध्ये अप्पा. आणि कोपऱ्यात आईचं मशीन, त्यावर इस्त्रीवाला कुणाच्या तरी शर्टाचं बटण लावतोय. मी म्हटलं, 'अप्पा, तुम्ही जुगार खेळता का?' आला बघा प्रश्न बाहेर. एका दमात आला. अप्पा म्हणाले, 'हो.' बस, एवढंच होतं. दोन डिटेक्टिव्हांचा खर्च आणि तिसऱ्याचा ॲडव्हान्स गेला होता त्या एका 'हो'साठी.

पण अप्पांनी मान खाली घातली नाही हो. सगळे भिंतीकडे बघत होते. भिंतीवर पाटी, बाईंच्या अक्षरात, 'स्वतः येण्याआधी मुलगी किती हेर लावील?' खाली दोन रेघा, आतापर्यंत आलेल्या दोघांच्या. बाकी सगळ्यांनी दोन किंवा कमी म्हटलं होतं, एकट्या अप्पांनी तीन. इस्त्रीवाला मला समजावून सांगायला लागला, 'म्हातारबाबा म्हणाले, माझ्या मुलीला मी ओळखतो, तीन माणसं पाठवील पण मला विचारायची नाही. जिंकले तर मशीन, घड्याळ, छत्री सगळं परत. हरले तर पुन्हा या दुकानाची पायरी चढणार नाहीत. शब्द दिलाय.' आणि माझ्या बापाचा शब्द म्हणजे शिक्का मारलेलं वजन, तो घटत नाही.

बाई उठल्या. चष्मा सरळ केला. 'मुली, माझ्याकडे बघ. तिसरा ठरवलास का? ॲडव्हान्स दिलास का?'

पावती पर्समध्ये होती. पर्स काखेत होती. खरं बोलले की आईचं मशीन घरी, आणि अप्पा रोज तीनला इथं. खोटं बोलले की अप्पा घरी, आणि मशीन कायमचं इथं, कुणाच्याही बटणांना. मी मशीनकडे पाहिलं. अप्पा इतक्या आशेनं बघत होते माझ्याकडे… 'खरं सांग बाळ,' म्हणाले, 'तुला खोटं बोलायला मी शिकवलेलं नाही.'

मी म्हटलं, 'नाही दिला.'

अप्पा उठले. चपला घातल्या. रस्त्यात त्यांनी माझा हात धरला, त्या गोटीच्या दिवशी धरला होता तसाच, फक्त या वेळी ओढत मी नेत होते. कोपऱ्यावर म्हणाले, 'तुझ्या आईचं मशीन गेलं गं.' म्हटलं, 'जाऊ दे.' आणि दोघंही रडलो, भर रस्त्यात.

तीन आठवडे झाले. अप्पा घरी असतात. तीन वाजले की खुर्चीत बसून ह्यांना पंखा पुसताना बघतात. खेळत नाहीत. फक्त एकदा जेवताना म्हणाले, 'तू "नाही" म्हणालीस ना, तेव्हा काटा जरा हलला होता.' मी भांडी आवरायला उठले. मग चार दिवसांनी डोळ्यांत घालायच्या औषधाला म्हणून पैसे मागितले. दिले. औषध काही दिसलं नाही.

आणि काल दुकानात तो सफारीवाला, तिसरा, ज्याला मी नंतर नको म्हणून कळवलं होतं. म्हणतो, 'मॅडम, एक अडचण आहे. एका वयस्कर गृहस्थांनी मला काम दिलंय. त्यांच्या मुलीनं कुणा तिसऱ्या डिटेक्टिव्हला ॲडव्हान्स दिला होता का, त्याचा तपास करायचा.' म्हटलं, 'अहो, पण ते तर तुम्हालाच माहितीय!' म्हणतो, 'माहिती आहे, पण तपास करावा लागेलच. पुरावा सापडायला दोनेक आठवडे. आता, पुरावा सापडू नये असं वाटत असेल, तर त्याचा चार्ज वेगळा आहे.'

मी ड्रॉवर उघडला. पैसे मोजून त्याच्या हातावर ठेवले आणि म्हटलं, 'एवढं शेवटचं. मग बंद.'

त्यानं पैसे खिशात घातले आणि अगदी अदबीनं म्हणाला, 'ॲडव्हान्स देताना तुमचे वडीलही हेच म्हणाले.'