पहिल्या रांगेतले काका

चारचौघांत कसं वागावं ते मला शिकवू नका, मी सेलूत सगळं शिकून आलोय.

मी आणि सुध्या, आमचा दोघांचा विनोदी कार्यक्रम. स्टेजवर उभं राहून वाद घालायचा: लोकांमधे बसून फोनवर मोठ्यानं बोलावं का? सुध्या म्हणायचा, खुशाल बोलावं. मी म्हणायचो, ही बेशिस्त हाय. त्या दिवशी सेलूच्या हॉलात वाद ऐन रंगात आला आणि पहिल्या रांगेतल्या एका काकांचा फोन वाजला. काकांनी आमालाच हात दाखवला.

"एक मिनिट थांबा रे पोरांनो, मला ऐकू येईना."

आमी थांबलो की! अख्खा हॉल चिडीचूप.

"हां, बोल. न्हाई न्हाई, कामात न्हाई. इथं दोघं भांडायलेत, ते बघायलोय. न्हाई, मारामारी न्हाई अजून. मिटलं की येतो."

लोक हसून हसून लोळायलेत. आमच्या एकाही विनोदाला एवढं हसले नव्हते.

काकांनी शांतपणे फोन खिशात घातला आणि माझ्याकडं बघून मान हलवली.

"हं, करा चालू. तुझंच बराबर हाय बाबा. लोकायला तमीजच न्हाई राहिली."