पेठच्या स्टॉपवर पडायचं काम

हसाल राव, पण मी चार दिवस नुसतं पडायचं काम केलंय. पुण्याचे एक मानसशास्त्राचे सर होते. त्यांच्या प्रयोगशाळेत कुणी चक्कर आल्याचं सोंग केलं, की झाडून सगळे मदतीला धावायचे.

सर म्हणाले, “आपल्यावर नजर आहे, हे तिथं लोकांना ठाऊक असतं. खरं काय ते रस्त्यावर कळेल.”

म्हणून मी पेठच्या एसटी स्टॉपवर रोज पडायचो. लोक धावायचे. कुणी पाणी पाजायचं, कुणी कांदा फोडून नाकाशी धरायचं. मग सर फॉर्म घेऊन पुढं यायचे आणि सांगायचे, “हा प्रयोग होता.”

पाचव्या दिवशी सर पोचायच्या आणि मी पडायच्या आधीच भाजी विकणाऱ्या हौसाआजी कोसळल्या. कुणी जागचं हललं नाही.

मी ओरडलो, “अरं, ही खरंच पडलीय!”

रसवंतीवाला हसला. “पावणं, आता नाय फसत आमी.”

शेवटी मी एकट्यानंच त्यांना उचलून रिक्षात घातलं. आजी वाचल्या, पण उजवं अंग कायमचं गेलं.

संध्याकाळी सरांना सांगितलं, तर फॉर्म चाळत म्हणाले, “आजची नोंद वगळू. त्या बाई आपल्या प्रयोगात नव्हत्या.”